ग्रे कापडाचा थांबा

(दृश्य: हातकणंगले ते इचलकरंजी रस्ता. उसाची शेते, सुताच्या बाचक्यांनी भरलेला टेम्पो.)

कोल्हापूरहून हातकणंगलेमार्गे इचलकरंजीकडे निघाले की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. कापूस मात्र शोधूनही सापडत नाही. तरीही या जिल्ह्यातील एका शहरात एक लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत, आणि तेथे विणलेल्या सुती कापडाचे पुढे काय होते, हे त्या मागांवर काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. कापूस विदर्भ, मराठवाडा, गुजरात आणि तेलंगणातून येतो, त्याचे सूत गिरण्यांत कातले जाते, सायझिंगमध्ये सुताला खळ लागून ताण्याचे बीम तयार होते, ते मागावर चढते आणि उतरते ते ‘ग्रे’ कापड, म्हणजे न धुतलेले, न रंगवलेले, खळीचा वास असलेले कोरे कापड. हे कापड बालोत्रा, पाली, अहमदाबाद येथील प्रोसेस हाऊसकडे, म्हणजे कापड धुऊन रंगवणाऱ्या कारखान्यांकडे जाते, काही शहरातच रंगते, आणि त्यानंतर इचलकरंजी हे नाव त्याच्यावर उरत नाही.

या माहितीपटाचा विषय हा नाव पुसले जाण्यापूर्वीचा टप्पा आहे. फॅशनच्या कपड्यांची जागतिक साखळी कशी चालते, ती कोण चालवते आणि तिच्यात अडकून पडलेल्या वेळेचे पैसे कोण भरते, हे ग्रे कापडाच्या गोदामात उभे राहून जितके स्पष्ट दिसते, तितके परदेशातील झगमगीत दुकानात दिसत नाही.

(दृश्य: जुनी छायाचित्रे. माग, जहागिरीचा वाडा, शाहू मिलची चिमणी.)

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला आश्रय होता. दोनच वर्षांनी, १९०६ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीची पायाभरणी केली. ती गिरणी २००३ मध्ये बंद पडली आणि यंत्रमाग मात्र टिकले, कारण ते एका मालकाचे नव्हते. विक्रमनगर, जवाहरनगर अशा भागांत आजही घराच्या मागच्या शेडमध्ये आठ, बारा, चोवीस माग चालतात. मंदीत ही विखुरलेली रचना तग धरते, पण निर्यातीच्या व्यवहारात नेमकी तीच आड येते. ते कसे, हे एका ऑर्डरच्या हिशेबातून पाहू.

समजा, युरोपातील एका ब्रँडला पुढच्या वसंत ऋतूसाठी पन्नास हजार सुती शर्ट हवे आहेत. पूर्ण बाह्यांच्या एका शर्टाला साधारण १.६ मीटर कापड लागते, म्हणजे ८० हजार मीटर. चाळीस नंबरी सुताचे, इंचाला ७२ पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, असलेले पॉपलीन विणायचे, तर एका मीटरमध्ये अशा सुमारे २,८०० फेऱ्या होतात. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक मारतो. धागा तुटणे, कांडी संपणे, वीज जाणे हे सारे वजा केले तर दोन्ही पाळ्या मिळून एका मागावर दिवसाला साठ मीटर कापड उतरले तरी ते चांगले मानावे. म्हणजे ही एक ऑर्डर महिनाभरात पुरी करायला पंचेचाळीस माग सलग चालले पाहिजेत. मिनिटाला सहाशे पिक मारणारा एअरजेट माग असेल, तर तेच काम दहा-अकरा माग करतात.

पंचेचाळीस साधे माग एका छपराखाली क्वचितच मिळतात. त्यामुळे व्यापारी काम तीन-चार शेडमध्ये वाटतो. एका शेडमध्ये या गिरणीचे सूत, दुसऱ्यात त्या गिरणीचे. एकाचा जॉबर, म्हणजे माग जुळवणारा कारागीर, तरबेज, दुसऱ्याचा नवखा. ग्रे अवस्थेत हे चारही ठिकाणचे कापड सारखेच दिसते, कारण फरक रंगाच्या कुंडीत उतरल्यावर उघड होतो. वेगवेगळ्या लॉटचे सूत रंग वेगवेगळ्या प्रमाणात पिते आणि आकाशी शर्टावर फिकट पट्टे उमटतात. परदेशी खरेदीदार कापड चार गुणांच्या पद्धतीने तपासतो. प्रत्येक दोषाला त्याच्या लांबीनुसार एक ते चार गुण लावले जातात आणि शंभर चौरस यार्डांमागे चाळीसहून अधिक गुण झाले, तर तो ताका बहुधा नाकारला जातो. म्हणूनच मोठे ब्रँड कापडाची गिरणीही स्वतःच ठरवून देतात. शिवणाऱ्या कारखान्याने कापड कोणाकडून घ्यायचे हे कारखान्याच्या हातात नसते, आणि त्या ठरवलेल्या यादीत घराच्या मागची शेड येत नाही.

(दृश्य: कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहत, बाहेरून.)

जिल्ह्यात दुसरे टोकही आहे. कागल येथील औद्योगिक वसाहतीत रेमंडने इटलीच्या कंपनीबरोबर भागीदारीत उंची सुती शर्टिंगचा प्रकल्प उभारला. गोकुळ शिरगाव आणि परिसरात इंडो काउंटसारखी कंपनी परदेशी दुकानांसाठी चादरी तयार करते. अर्थात जागतिक दर्जाचे कापड या पाण्यात, या हवेत आणि याच जिल्ह्यातील माणसांच्या हातून निघते, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. इचलकरंजीत १९८२ पासून डीकेटीई ही वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी संस्था आहे, आणि कापडाची निर्यात सांभाळणारे अनेक तंत्रज्ञ तेथूनच बाहेर पडले आहेत. प्रश्न कौशल्याचा नाही. साखळीत कोणाचा शब्द चालतो, हा आहे.

या साखळीची सूत्रे वेळापत्रकाच्या हातात असतात. निर्यात कारखान्यात ऑर्डरचे काम पाहणाऱ्या मर्चंडायझरच्या संगणकावर प्रत्येक ऑर्डरचा एक तक्ता असतो आणि तो उलट्या बाजूने मांडलेला असतो. माल फेब्रुवारीत दुकानात हवा, म्हणून तो डिसेंबरमध्ये न्हावा शेवा बंदरातून निघाला पाहिजे. त्याआधी शिवणकाम आणि पॅकिंगला चार-पाच आठवडे, त्याआधी रंगकाम आणि फिनिशिंगला तीन आठवडे, त्याआधी विणकामाला महिना, सुताला दोन आठवडे. या सर्वांच्या आधी नमुन्यांचा काळ असतो. रंगाचा लॅब डिप, म्हणजे रंगवून पाहिलेला छोटा तुकडा, पाठवायचा, तो नापसंत होतो, पुन्हा पाठवायचा. मापांचा संच, शिवणकामापूर्वीचा अंतिम नमुना, बटणे, लेबले, साऱ्यांना वेगवेगळी मंजुरी लागते. सगळी बेरीज केली की फेब्रुवारीत विकायच्या शर्टाचा निर्णय आदल्या वसंतातच घ्यावा लागतो, जेव्हा पुढच्या वर्षी लोक काय नेसतील-घालतील हे कोणालाही सांगता येत नाही.

नमुने मंजूर व्हायला तीन आठवडे जास्त लागले, तरी दुकानातील तारीख हलत नाही. ते तीन आठवडे पुढच्या टप्प्यांनी भरून काढायचे असतात. रंगाबद्दलचा निर्णय परदेशातील कार्यालयात लांबतो आणि रविवारची पाळी येथे लागते. इतके करूनही जहाज चुकले, तर माल विमानाने पाठवावा लागतो. व्यवसायातील माणसे ‘एअर करावे लागले’ असे म्हणतात तेव्हा त्या तीन शब्दांत अख्ख्या ऑर्डरचा नफा गेलेला असतो, कारण उशीर पुरवठादाराचा ठरला तर ते भाडे त्यालाच भरावे लागते.

(दृश्य: बंदर, कंटेनर, नकाशावर सुएझ आणि आफ्रिकेचा वळसा.)

समुद्रावरचे दिवस तर कोणाच्याच हातात नाहीत. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाट बंद राहिली. ती अडचण निदान लवकर सुटली. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली, आणि युरोपच्या प्रवासात साधारण दहा ते चौदा दिवसांची भर पडली. मर्चंडायझरच्या तक्त्यात हे दोन आठवडे शेवटी विणकाम आणि शिवणकामाच्या रकान्यांतूनच कापले जातात.

जकातीचेही तसेच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ टक्के जादा शुल्क लावले. कपड्यांच्या व्यवहारात इतका नफा कोणत्याच टप्प्यावर नसतो. त्यामुळे अशा वेळी खरेदीदार सवलत मागतो, निर्यातदार ती कापडवाल्याकडे मागतो आणि कापडवाला यंत्रमागधारकाकडे. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. तेथे भारतीय तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत असलेली जकात शून्यावर आणण्याची त्यात तरतूद आहे. मात्र कोणतीही जकात-सवलत आपोआप मिळत नाही. माल कोठे तयार झाला हे सिद्ध करावे लागते. हा ‘उगमाचा नियम’ वरवर कारकुनी वाटतो, पण कारखाने कोणत्या देशात उभे राहतील हे बऱ्याच अंशी त्यानेच ठरते. युरोपीय महासंघाने २०११ पासून अल्पविकसित देशांना एकाच प्रक्रियेची अट ठेवली. कापड कोणत्याही देशाचे असो, शिवण ढाक्यात झाली की शर्ट बांगलादेशी ठरतो आणि विनाजकात युरोपात जातो. चीनमध्ये किंवा भारतात विणलेले कापड तिकडे जाऊन शिवले जाण्यामागे स्वस्त मजुरीइतकाच या नियमाचाही हात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, थांबण्याच्या किमतीकडे.

अमेरिकेतील एमआयटी संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी १९५८ मध्ये दाखवून दिले होते की, पुरवठ्याच्या लांब साखळीत ग्राहकाच्या मागणीतील छोटा बदल मागे मागे जाताना फुगत जातो. आसूडाची मूठ थोडीशी हलली तरी टोक लांबवर फटकारते, तसे. दुकानातील विक्री दहा टक्क्यांनी घटली की ब्रँड, शिल्लक मालाचा विचार करून, पुढची ऑर्डर वीस टक्क्यांनी कमी करतो. शिवणारा कारखाना आधी हाताशी असलेले कापड संपवतो आणि नवी कापडखरेदी निम्म्यावर आणतो. प्रोसेस हाऊसकडून विचारणाच येत नाही. यंत्रमागधारकाला विक्रीतील ती दहा टक्के घट कधीच दिसत नाही. त्याला फक्त एवढेच कळते की या आठवड्यात ताके उचलायला कोणी आलेले नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये परदेशी ब्रँडनी ऑर्डर रद्द केल्या तेव्हा एकट्या बांगलादेशात तीन अब्ज डॉलरहून अधिक रकमेच्या ऑर्डर अडकल्याचे तेथील निर्यातदारांच्या संघटनेने सांगितले. वर्षभराच्या आत चित्र उलटले, मागणी उसळली, कंटेनर मिळेनासे झाले आणि सुताचे भाव चढत गेले. दोन्ही वेळा टोकावर होते ते सूत आणि ग्रे कापडवाले.

स्वतः सूत घेऊन विणणाऱ्याचे भांडवल अशा वेळी ताक्यांच्या थप्प्यांत अडकते. खर्चीवाला, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन पिकाच्या दराने मजुरीवर विणून देणारा, भांडवल गुंतवत नाही. पण काम थांबले की त्याचे मागच थांबतात आणि वीज, कर्जाचा हप्ता, कामगारांची उचल चालूच राहते. त्याच्याकडील कामगाराची मजुरीही ५२ पिकांच्या कापडाच्या मीटरमागे पैशांत मोजली जाते. माग बंद, तर मीटर नाही.

(दृश्य: ग्रे कापडाचे गोदाम. दिवाणजी ताके मोजत आहेत. निवेदनाची गती येथे संथ.)

या गोदामात पडून असलेल्या कापडाकडे शहरात सहसा अडकलेला पैसा म्हणून पाहिले जाते. साखळीच्या दृष्टीने पाहिले, तर ही तिच्यातील सर्वांत उपयुक्त थांबण्याची जागा आहे. रंगवलेल्या कापडाचा रंग ठरून गेलेला असतो, शिवलेल्या शर्टाचे मापही ठरलेले असते, आणि चुकीच्या रंगाचा शर्ट हंगाम संपल्यावर निम्म्या किमतीत जातो. ग्रे कापडाचा मात्र अजून कोणताही रंग होऊ शकतो. इटलीच्या बेनेटन कंपनीने गेल्या शतकात हेच ओळखले आणि स्वेटर आधी कोऱ्या लोकरीत विणून, विक्रीचा कल पाहून मग रंगवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये स्पेनच्या आ कोरुन्या शहरात पहिले दुकान उघडणाऱ्या झाराने न रंगवलेले कापड आधी घेऊन ठेवणे, शिवण स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्की अशा जवळच्या ठिकाणी करणे आणि दुकानांना आठवड्यातून दोनदा माल पाठवणे यांची सांगड घातली. ‘फास्ट फॅशन’च्या वेगाचे कौतुक होते, टीकाही होते, पण कोठेतरी कोरे कापड तयार स्थितीत थांबलेले असते म्हणून तो वेग शक्य होतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या बोलण्यात क्वचितच येते.

इचलकरंजीत ते कापड थांबतेच. फक्त त्या थांबण्याचे पैसे कोणी देत नाही, आणि माझ्या मते या व्यवसायातील खरा अन्याय दराच्या आकड्यापेक्षा येथे अधिक आहे. निर्यातीत एकेकाळी पतपत्राचा (एलसी), म्हणजे पैशांच्या बँक-हमीचा आधार असे. आता मोठे खरेदीदार सर्रास माल मिळाल्यानंतर साठ, नव्वद, कधी त्याहून अधिक दिवसांच्या मुदतीवर पैसे देतात. ती मुदत साखळीतून खाली झिरपते आणि ग्रे कापडाच्या बाजारात ‘धारा’, म्हणजे पैसे देण्याची मुदत, लांबत जाते. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ बी (एच) घातले. त्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा मिळतो. देशातील व्यापाऱ्याला या तरतुदीचा धाक बसला. परदेशातील ब्रँडपर्यंत मात्र ती पोहोचत नाही, त्यामुळे दोघांच्या मधला निर्यातदार दोन्हीकडून आवळला जातो.

वेळेइतकाच आता कागद महत्त्वाचा झाला आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१३४ माणसे मेली. त्यानंतर अनेक ब्रँडनी आपल्या शिवण-कारखान्यांच्या याद्या जाहीर करायला सुरुवात केली. त्या याद्या बहुतेक शिवणाऱ्यांपाशीच थांबल्या. अमेरिकेने जून २०२२ पासून लागू केलेल्या कायद्याने, चीनच्या शिनजियांग प्रांताशी संबंध असलेला माल सक्तीच्या श्रमातून आलेला आहे असे धरून अडवायला सुरुवात केली आणि प्रश्न एकदम कापसापर्यंत गेला. अडवलेला माल सोडवायचा, तर शर्टामधील कापूस कोणत्या जिनिंगमधून आला, सूत कोठे कातले, कापड कोणी विणले, याची बिले सलग दाखवता आली पाहिजेत. येथे शेडमधली जुनी पद्धत अडते: तीन गिरण्यांचे सूत एकाच कोपऱ्यात, उरलेल्या कांड्या दुसऱ्या कामाला. गंमत अशी की, २०१७ मध्ये जीएसटी आणि २०१८ मध्ये ई-वे बिल आले तेव्हा ज्या बिलांना शहरात कडाडून नावे ठेवली गेली, त्याच कागदांवर आता मालाचा माग काढता येतो.

कामाचे तास हा त्याहून कठीण कागद आहे. कामगार कायदा आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो. यंत्रमागाची पाळी बारा तासांची असते. परदेशी खरेदीदाराचे लेखापरीक्षण शेडपर्यंत आले, तर पहिला शेरा यावरच बसेल. आणि दर तोच ठेवून आठ तासांच्या तीन पाळ्या करा, असे त्याच खरेदीदाराने म्हटले, तर ते सुधारणा म्हणून नव्हे, खर्च ढकलणे म्हणून नोंदवले पाहिजे.

पाण्याची गोष्ट आणखी वेगळी. रंगकामाचे सांडपाणी पंचगंगेने सोसले आहे, आणि २०१२ मध्ये इचलकरंजीने काविळीची भीषण साथ पाहिली. कापडाचे शहर पिण्याच्या पाण्यासाठी दूधगंगेकडे, सुळकूड योजनेकडे पाहते आणि नदीकाठची गावे त्याला विरोध करतात, हा वाद जिल्ह्याला ठाऊक आहे. तमिळनाडूतील तिरुपूरला नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगकामाचे कारखाने बंद करायला लावले, तेव्हा शिवणकामाची यंत्रे शाबूत असूनही ऑर्डर अडकल्या. रंगाचे घर बंद म्हणजे साखळी बंद.

(दृश्य: कोल्हापुरातील चप्पल लाइन. थोडक्यात.)

जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापुरातून आवाज उठला. कंपनीला त्या चपलांचे मूळ मान्य करावे लागले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील दोन चर्मोद्योग महामंडळांबरोबर भारतात दोन हजार जोड तयार करण्याचा करार झाला. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आणि शतकाचे नाव पाठीशी होते म्हणून ते घडले. पॉपलीनला असे नाव नाही आणि मिळणारही नाही. ग्रे कापडाने नावासाठी भांडणे हा मला तरी चुकीचा मार्ग वाटतो. त्याने भांडावे ते करारासाठी.

तो करार कसा असावा, याचा आराखडा अवघड नाही. दहा-बारा छोट्या मालकांनी एकत्र येऊन एकाच गिरणीचे, एकाच लॉटचे सूत घ्यायचे, एकाच ठिकाणी चेकिंग-फोल्डिंग करायचे आणि प्रत्येक ताक्यावर सुताच्या बिलाचा क्रमांक टाकायचा. बदल्यात खरेदीदाराने हंगामाआधी ग्रे कापडाचे बुकिंग करायचे: किमान किती मीटर उचलणार ते लेखी, दर सुताच्या भावाशी जोडलेला, आणि रंगाचा निर्णय लांबवायचा असेल तर ठरलेल्या दिवसांनंतर दर आठवड्याला प्रति मीटर साठवणुकीचा आकार. ब्रँडला यातून स्वस्त कापड मिळत नाही. त्याला उशिरा निर्णय घेण्याची मुभा मिळते, जी हंगामाअखेरच्या सवलतीत माल फुंकण्यापेक्षा स्वस्त पडते. मालकाला मिळते ते बँकेपुढे ठेवता येईल असे कागदपत्र. आज एअरजेट मागासाठी कर्ज मागायला गेलेल्या माणसाला बँक पाच-सात वर्षांच्या परतफेडीचा हिशेब विचारते आणि त्याच्या हातात असते एका हंगामाची, फोनवर ठरलेली ऑर्डर. तीन हंगामांचे लेखी बुकिंग असेल, तर त्याच अर्जावर बँकेचा अधिकारी पुढचे पान उलटतो.